डोंगरापलीकडचा विस्तव

फार फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. आणि बाळांच्या आईबापांनो, तुम्हीही ऐका, कारण यातली चूक लहान मुलं कधी करत नाहीत.

दोन राज्यांच्या मध्ये एक डोंगर होता. एका राज्यात नदीने पात्र बदललं आणि काठावरच्या एका कुटुंबाचं सगळं शेत गिळून टाकलं. घरात मुलगा, सून आणि म्हातारी आई. पोटासाठी डोंगर ओलांडणं भाग होतं. मुलाने भांडीकुंडी बांधली. म्हातारीने मात्र एकच वस्तू स्वतःच्या हातात घेतली, आपल्या चुलीतल्या विस्तवाचं मडकं.

तो विस्तव तिने कधी विझू दिला नव्हता. रात्री ती निखारे राखेखाली झाकून ठेवी, आणि सकाळी आळीतल्या बायका गोवरी घेऊन दारात उभ्या राहत.

"काकू, थोडा विस्तव द्या हो."

"तुमच्या चुली रोज कशा गं झोपी जातात?" म्हातारी कुरकुरत म्हणे. पण ज्या दिवशी कोणी येत नसे, त्या दिवशी तिला घास गोड लागत नसे.

वाटेत गोवऱ्यांचे तुकडे घालत घालत तिने विस्तव जिवंत ठेवला आणि नव्या गावात नव्या चुलीत मांडला.

गाव मनाने फार चांगलं होतं. पुरुषांनी यांचं छप्पर शाकारून दिलं. कोणी दूध आणलं, कोणी भाकऱ्या आणल्या. नव्या माणसाला तोशीस म्हणून पडू द्यायची नाही, ही त्या गावाची रीतच होती आणि गावाला तिचा अभिमानही होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारीण धगधगती गोवरी घेऊन आली. "आजी, तुमची चूल अजून पेटली नसेल ना? म्हणून आणला विस्तव."

आपली चूल पेटलेली आहे, हे म्हातारीच्या ओठांवर आलं होतं. पण शेजारणीचा हसरा चेहरा पाहून तिने गोवरी घेतली आणि अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीत घातली. मग शेजारीण रोजच येऊ लागली.

गावात लग्न निघालं. म्हातारी पदर खोचून पोळ्या लाटायला गेली. बायकांनी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. "आजी, तुम्ही पाटावर बसा बघू!" तिला सगळ्यांच्या आधी वाढलं. ती जेवली आणि घरी येऊन रडली.

सुनेच्या लक्षात आलं. "आत्याबाई, मी सांगू का त्यांना?"

"काय सांगणार? माझ्याकडे काहीतरी मागा म्हणून?" म्हातारी म्हणाली. "असं सांगून मागायला लावायचं असतं का गं?"

पुढे एका संध्याकाळी मोठं वादळ झालं. छपरं उडाली, पाणी घरांत शिरलं आणि आळीतली एकूण एक चूल विझली. म्हातारीने मात्र आपल्या चुलीवर परात उपडी घालून विस्तव वाचवला. सकाळी तिने निखारे फुलवले, दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात बसली. आज तरी कोणीतरी येईल, असं तिला वाटत होतं.

रिकामी मडकी घेऊन बायका बाहेर पडल्या.

"आजींकडे बघायचं का?" एकीने विचारलं.

"छे! थकलेला जीव तो. त्यांना कशाला त्रास?" शेजारीण म्हणाली. आणि त्या ओढ्यापलीकडच्या गावाकडे चिखल तुडवत निघाल्या. जाताना म्हातारीला पाहून गोड हसल्या.

दुपारी शेजारीण भरलं मडकं घेऊन परत आली ती थेट म्हातारीच्या दारात. "आजी, पहिला विस्तव तुम्हाला."

म्हातारीने तो घेतला. त्या दिवसापासून तिने अंथरूण धरलं आणि ते सोडलंच नाही. जाताना सुनेला एवढंच म्हणाली, "विस्तव झाकून ठेव."

सगळं गाव धावून आलं. कोणी बांबू आणले, कोणी लाकडं. शेजारणीने अग्नीचं मडकंही भरून आणलं.

"ते राहू द्या. विस्तव आहे आमच्याकडे," सून म्हणाली आणि तिने चुलीतली राख बाजूला केली. खाली निखारे लाल होते.

शेजारीण बघतच राहिली. "हा कधीपासून आहे?"

"डोंगरापलीकडून आणला होता. विझलेलाच नाही."

"म्हणजे वादळाच्या दिवशीसुद्धा…"

"तुम्ही मागाल म्हणून तर त्या दार उघडून बसल्या होत्या."

शेजारणीला खूप रडू आलं, पण ज्या कानांनी ऐकायला हवं होतं, ते आता ऐकणार नव्हते. मुलाने आपल्या चुलीतला विस्तव मडक्यात घेतला आणि आईला घेऊन तो निघाला.

सुतक फिटल्यावर एका सकाळी शेजारीण गार गोवरी घेऊन दारात आली. तिच्या स्वतःच्या घरातून धूर निघताना साऱ्या आळीला दिसत होता.

"वहिनी, थोडा विस्तव देता का?"

सुनेने गोवरीवर निखारा ठेवला. मग आत जाऊन तिने उरलेले निखारे राखेखाली झाकून ठेवले. तेव्हापासून त्या गावात नवं बिऱ्हाड आलं की पहिल्या दिवशी त्याला भाकरी नेऊन देतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच दारात विस्तव मागायला जातात.

तात्पर्य : नुसतं देत राहिलं तर नवा माणूस पाहुणाच राहतो, त्याच्याकडे काही मागितलं, तरच तो आपला होतो.