तीच गोळी

एका वृद्ध वैद्यांकडे एकदा गोदा नावाची मुलगी औषधविद्या शिकत होती. तिचा धाकटा भाऊ रायबा सतरा वर्षांचा, तालमीतला उमदा पैलवान. सराव करताना त्याचा खांदा निखळला, तेव्हा वैद्यांनी तो बसवला आणि वेदना शमावी म्हणून अफूचा अंश असलेल्या पाच गोळ्या दिल्या. काही दिवसांत खांदा बरा झाला.

दोन महिन्यांनी एका सकाळी, वैद्य रोगी पाहायला बाहेर गेले असता रायबा औषधालयात आला. नाक वाहत होते, हात थरथरत होते.

"अक्का, दोन गोळ्या दे. परवा जत्रेतली कुस्ती आहे."

"खांदा दुखतोय?"

"नाही. पण गोळीशिवाय उभंच राहवत नाही. त्या पाच संपल्यावर तालमीमागे एक जण विकतो त्याच्याकडून घेत होतो, तो चार दिवस आला नाही."

"नाही देणार."

"तुझ्या गुरुजींनीच दिली होती ना? मग आता ती वाईट कशी?"

ती औषधांच्या कपाटाला पाठ लावून उभी राहिली. रायबा संतापून निघून गेला.

वैद्य परतताच तिने सारे सांगितले. भावाची अब्रू जाईल, हे ठाऊक असूनही सांगितले. वैद्य तिला घेऊन तडक तिच्या घरी गेले. रायबा अंथरुणात कुडकुडत होता.

"बाळा, काय हवे आहे तुला?" त्यांनी विचारले.

त्याला हुंदका फुटला. "यातून सोडवा मला, गुरुजी."

तेव्हा वैद्यांनी तीच गोळी काढली, अर्धी केली आणि गोदाच्या हातावर ठेवली. "दे त्याला."

गोदा चकित झाली. "म्हणजे मी नाकारली, ते चुकले?"

"मुळीच नाही," वैद्य म्हणाले. "सकाळी तो गोळी मागत होता, आता औषध मागतो आहे. दुखण्यापुरती, जाणत्याच्या देखरेखीखाली घेतली तर ती औषध. दुखणे सरल्यावर स्वतःच्या मनाने घेत राहिलो, की तीच आपल्याला हाकू लागते. त्याचे शरीर तिला सरावले आहे, म्हणून आपण ती हळूहळू कमी करू. रायबा, तू गुन्हेगार नाहीस, आजारी आहेस. हे सारे मी पहिल्याच दिवशी तुला समजावायला हवे होते. ती चूक माझी."

मग ते गोदाकडे वळले. "औषध द्यायला मी अनेकांना शिकवले. न द्यायला तू आपली आपण शिकलीस, आणि तेही सख्ख्या भावासमोर. मुली, मला तुझा अभिमान वाटतो."

त्या वर्षीची कुस्ती हुकली, पण गोळी हळूहळू सुटली. पुढच्या वर्षी रायबा आखाड्यात उतरला, चांगला झुंजला, आणि शेवटी चीतपट झाला. लोक हळहळले. तो मात्र मातीने माखलेला, हसत बहिणीकडे धावत आला.

"अक्का, हरलो गं! पण आज मीच लढलो आणि मीच हरलो."

गोदाने त्याला तसेच मातीसकट जवळ घेतले आणि भर गर्दीतून, ताठ मानेने, त्याचा हात धरून ती घरी निघाली.