न गळणाऱ्या फुलांची बाग

राजाची बाग ओसाड पडली होती. राजा कुठे गेला कुणास ठाऊक. पण बागेच्या कुंपणाला टेकलेली एक इवलीशी झोपडी अजून उभी होती. तिथे मैना राहायची. ठिगळांचा परकर, अनवाणी पाय आणि पोटात बरेचदा नुसती पेज. आईबाप ती तान्ही असतानाच गेले. तिला वाढवलं आजोबांनी, रखमाजी फुलाऱ्यांनी. ते बागेतली फुलं वेचून गजरे ओवायचे, आणि मैना टोपली घेऊन ते विकायला जायची.

आता आजोबा खाटेला खिळले होते. घास गिळवत नव्हता. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि हळूच सांगितलं, "आता औषधाचं काम संपलं. त्यांना त्रास होऊ नये, एवढं बघा." पण सखूआत्या ऐकेल तर शपथ. ती रोज आपल्या बाबांचं नाक दाबून कडू काढा ओतायची आणि आजोबा गुदमरायचे. प्रेमापोटीच करायची हो, पण करायची.

कधी आजोबा म्हणायचे, "सखू, मला आता एकच..." लगेच आत्या त्यांच्या तोंडावर हात ठेवायची. "अभद्र बोलू नका बाबा. वास्तू तथास्तु म्हणते."

तुमच्याही घरी म्हणतात ना असं? वाईट बोललं, की घर 'तथास्तु' म्हणतं आणि ते खरं होतं. म्हणून त्या झोपडीत मरणाचं नाव कुणी काढत नव्हतं, आणि आजोबांना काय हवंय ते कुणी विचारत नव्हतं.

एका तिन्हीसांजेला मैना बागेत रडायला गेली. घरात रडायचीही चोरी होती ना. हिरवट, निळसर उजेड झाडांखाली साचला होता. तेवढ्यात कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी लुकलुकलं. पाहते तर अंगठ्याएवढी परी! चतुराच्या पंखांसारखे चिमुकले पंख, त्यांवर सोनेरी, जांभळी चमचम. जाळं ओढून तोडता आलं असतं, पण कोपऱ्यात बिचारा कोळीही होता. मैनेनं एकेक धागा अलगद सोडवला. परी सुटली आणि कोळ्याचं घरही राहिलं.

परीनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांना पापण्या नव्हत्या. मैनेच्या अंगावर काटा आला.

"घाबरू नकोस बाळ," परी म्हणाली. "घराघरांतून तथास्तु म्हणते ना, ती मीच. तुझी एक इच्छा पुरी करीन. पण दुसऱ्यासाठी काही मागायचं असेल, तर आधी त्याला विचारून ये."

मैना दाराकडे वळली आणि थबकली. विचारायचं म्हणजे ते अभद्र बोलायचं. ती तशीच परत फिरली आणि डोळे मिटून म्हणाली, "माझ्या आजोबांचा श्वास कधी थांबू नये."

"न विचारताच मागितलंस. पण बोललेलं मला खरं करावंच लागतं," परीनं मान हलवली. मग म्हणाली, "तथास्तु."

आणि तसंच झालं. आजोबांचा श्वास चालूच राहिला, लोहाराच्या भात्यासारखा, एका लयीत. पण त्यांचा डोळा लागेना. ते छताकडे टक लावून बघत राहिले. बागेत तर नवलच झालं. फुलं गळेनात. मोगरा, शेवंती, प्राजक्त, सगळी फांदीवर ताजी टवटवीत, आणि वास म्हणून कशालाच नाही. भुंगे हवेत एका जागी थांबलेले. दवाचा थेंब पानाच्या टोकाला लटकलेला, तो पडतच नव्हता. कुठे चिटपाखरू बोलेना.

"बघ, बाबा आहेत ना आपल्यापाशी," आत्या म्हणायची. पण त्यांच्या डोळ्यांकडे मात्र ती आता बघत नव्हती.

एका पहाटे आजोबांच्या डोळ्यातून पाणी ओघळलं. मैनेला राहवेना. ती खाटेपाशी बसली. "आजोबा, तुम्हाला काय हवंय?"

"मैने, गप," आत्या दटावून म्हणाली. "वास्तू..."

"म्हणू दे वास्तूला काय म्हणायचं ते. मला आजोबांचं ऐकायचंय."

आजोबांचे ओठ हलले. "मला अंगणात न्या. माझ्या प्राजक्ताखाली. काढा नको आता. तोंड पुसा माझं, आणि दोघी जवळ बसा. मग मला जाऊ द्या."

"पण मला तुम्ही हवे आहात," मैना हुंदके देत म्हणाली.

"मलाही तू हवी आहेस गं. पण मी दमलोय, बाळा."

आत्यानं काढ्याची वाटी खाली ठेवली. पदराला डोळे पुसले आणि खाटेचं एक टोक धरलं. दुसरं मैनेनं धरलं. दोघींनी मिळून खाट प्राजक्ताखाली आणली. आत्यानं ओल्या फडक्यानं बाबांचं तोंड पुसलं, विस्कटलेले केस नीट केले.

फांदीवर परी बसली होती. "आता विचारून आलीस, म्हणून ती इच्छा बदलता येईल," ती म्हणाली. "बोल."

मैनेनं आजोबांचा हात हातात घेतला. किती अवघड होतं ते. "आजोबा म्हणतात तसं होऊ दे," शेवटी ती म्हणाली.

"तथास्तु. आणि तुझ्या या मोठ्या मनासाठी आणखी एक देते. शेवटच्या श्वासापर्यंत त्यांना तुझं सगळं ऐकू येईल."

परीच्या अंगातून केशरी, मोतिया उजेड फुटला, अंगणभर पसरला आणि त्या उजेडात ती विरून गेली. लटकलेला थेंब टपकन पडला. प्राजक्ताचा सडा आजोबांच्या पांघरुणावर पडू लागला, आणि सगळीकडे सुगंध सुटला. मैना त्यांच्या कानाशी लागून सांगत राहिली, शेळीला झालेल्या पांढऱ्या करडाचं, नदीवरच्या बगळ्यांचं, आणि त्यांनी शिकवलेली गजऱ्याची गाठ आता तिला जमते ते. आजोबांनी तिचा हात दाबला. चेहरा निवला. मग श्वास थांबला.

दोघी खूप रडल्या, आणि या वेळी कुणी कुणाला गप्प केलं नाही.

ऊन वर आलं तेव्हा सखूआत्यानं मैनेला कुशीत घेतलं. "मैने," ती म्हणाली, "माझी वेळ येईल ना, तेव्हा मलाही विचारशील?"

"विचारीन, आत्या," मैना म्हणाली.