डोंगरावरचा दवाखाना

कातळवाडीला डॉक्टर भेटतात ते फोनवर, आणि फोनला रेंज येते ती फक्त डोंगराच्या माथ्यावर. म्हणून नर्सबाई तिथंच खुर्ची मांडून बसतात. पेशंट चढून आला की त्याच्या दंडाला प्रेशरचा पट्टा बांधतात आणि फोन त्याच्या तोंडासमोर धरतात. पलीकडे पडद्यावर शहरातले मोठे डॉक्टर नाडगौडा असतात. त्यांना मध्ये बोललेलं खपत नाही.

त्या दिवशी येसूआत्या वर पोचली. पट्टा सुटायच्या आत डॉक्टर कडाडले, "प्रेशर वाढलंय, छाती धडधडतेय! आजपासून गोळी चालू, शेतातलं काम बंद."

"पण भात कापायला आलंय, डॉक्टर."

"मला शिकवू नका! तुमच्या अख्ख्या गावाचंच हृदय कमजोर आहे. एक माणूस धड नाही. माझं निदान आजवर चुकलेलं नाही."

आत्याने पदराने घाम पुसला. "चुकेल कसं? वाडी राहिली पायथ्याला. तुमचं दर्शन घ्यायला आम्ही हा डोंगर चढतो, अन् दम खायच्या आत बाई पट्टा बांधतात. गोळी मला कशाला? त्या मोबाइलच्या टॉवरला द्या. तो वाडीत आला, की सगळ्यांची छाती गप होईल."

डॉक्टरांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"रेंज गेली वाटतं," नर्सबाई पुटपुटल्या.

आत्या फोनमध्ये डोकावली. "रेंज कुठली जातेय, बाई? त्यांच्या मागचा पंखा फिरतोय की!"