जातो म्हणालेला छत्रधर

एका राज्यात, जिथे राघू-मैना न्यायनिवाड्यात साक्ष देत आणि ती मानलीही जाई, हेमप्रभा नावाची राणी होती. दरबार उघड्या चौकात भरे. राणीच्या मागे डावीकडे उभी असे तिची लाडकी सखी तरला, हाती चवरी घेऊन. उजवीकडे छत्रधर सुकेतु. दोघांनी हलायचे नाही, बोलायचे नाही, एकमेकांकडे बघायचे तर नाहीच नाही. पण तरला राणीला वारा घालता घालता एक झुळूक हळूच सुकेतूकडे धाडी, आणि सुकेतु छत्र बोटभर तिच्या बाजूला कलवी. हे गुपित फक्त राणीला ठाऊक होते, कारण तेवढ्यापुरते ऊन तिच्या उजव्या कानावर येई.

त्या राज्याला एक शाप होता. राणीच्या आज्याने कंकाळ नावाच्या मांत्रिकाला हाकलून दिले, तेव्हा उंबऱ्यावर थांबून तो म्हणाला होता, "जातो. पण यापुढे इथून निघताना जो जातो म्हणेल, तो माझा." तेव्हापासून लहानथोर सारे निघताना 'येतो' म्हणत. चोरसुद्धा चोरी आटोपून पुटपुटे, "येतो हं."

सुकेतूला राणीपाशी तरलेला मागणी घालायची होती. राणीला सोडायच्या विचाराने तरला कासावीस होई आणि दर वेळी म्हणे, "एवढा सण होऊ द्या." एका सकाळी, महालाच्या दारात, त्याचा धीर सुटला.

"तुझ्या सणांना अंत आहे का, तरले?"

"एवढी घाई असेल तर जा ना!"

"जातो!"

शब्द तोंडातून सुटला मात्र, उंबऱ्यातून धूर उठला. धूर विरला तेव्हा छत्र तेवढे खाली पडले होते.

तरला धावत राणीकडे गेली आणि पायांवर कोसळली. "बाईसाहेब, मीच त्यांना जा म्हटलं हो!"

राणी म्हणाली, "वेडे, मी केव्हाच हो म्हटलं असतं. इतकी वर्षं कान भाजून घेतला, तो का उगाच? जा, छे, ये! त्याला घेऊन ये." आणि तिने आपली साळुंकी वाट दाखवायला दिली.

"रडणं पुरे. माझ्यामागून चल," साळुंकी म्हणाली.

कंकाळाच्या गुहेत 'जातो' म्हणालेली माणसे दगड होऊन उभी होती. कंकाळ म्हणाला, "तीन कामं कर आणि त्याला ने. चुकलीस तर तूही इथंच."

पहिले काम, तो झोपेतून उठेपर्यंत जागचे हलायचे नाही. सूर्य मावळला, पुन्हा उगवला, तरला उभीच. राजज्योतिष्यांची भाषणे उभ्याने ऐकलेल्या बाईला यात काय जड? दुसरे काम, शापित रत्ने पुसून काढायची. मोह झाला की दगड. राणीची रत्ने पुसून पुसून तरलेला त्यांचा जन्माचा वीट आला होता. मोह कसला होतोय!

तिसऱ्या कामाला मात्र तिचे काळीज हलले. कंकाळाने टाळी वाजवली आणि साऱ्या दगडांना एकच चेहरा आला. "यातला तुझा कोणता?"

तरलेने कमरेची चवरी काढली आणि एकेकासमोर धरून हलकीच झुळूक धाडली. एका दगडाची मूठ बोटभर तिच्याकडे कलली.

"हे!" ती ओरडली. दगडाचा सुकेतु झाला.

"तरले, चुकलो मी."

"मीही चुकले. आता चला."

कंकाळ गालात हसला. "न्या की. पण उंबऱ्यावर रीतसर निरोप घ्या."

तरला उंबऱ्यावर थबकली. 'जाते' म्हणावे तर त्याची होणार, 'येते' म्हणावे तर पुन्हा त्याच्याच दारी यावे लागणार. सुकेतु सवयीने "ये" म्हणाला, तोच तिने त्याच्या तोंडावर हात दाबला. तिला आठवले, आत्या वारली तेव्हा भेटायला आलेली माणसे गुपचूप उठून गेली होती. सुतकाच्या घरून निघताना कुणी येतो म्हणत नाही आणि जातोही म्हणत नाही.

तिने सुकेतूचा हात धरला आणि मुकाट्याने उंबरा ओलांडला. साळुंकीनेही चोच मिटून घेतली; तिला ते फार कठीण गेले.

"अगं, काहीतरी म्हण!" कंकाळ किंचाळला. पण घर सुतकाचे ठरून चुकले होते, आणि सुतक असलेल्या घरातला कुणीतरी गेलेला असावाच लागतो. त्या घरात कंकाळाखेरीज घरचे दुसरे कुणी नव्हते. तो जागच्या जागी धूर होऊन विरला. दगडांची माणसे झाली, सर्वांनी हुश्श केले आणि जो तो आपापल्या घराकडे पळत सुटला.

राणी आधी रडली, मग रागावली, आणि पुढचा सण यायच्या आत तिने दोघांचे लग्न लावले. शाप सरला होता. राज्यात आता काहीही म्हणून निघायची मुभा होती.

पण सुकेतु माजघरात पाणी प्यायला निघाला तरी म्हणे, "येतो हं."

"ऐकलं, ऐकलं," तरला हसून म्हणे. आणि एखाद्या दिवशी तो विसरलाच, तर हातातले काम टाकून ती दारात जाऊन उभी राही.