दिवा वाढव

एका राज्यात एक राजा राहत होता. राजाचं नाव भानुकेत, त्याच्या लेकीचं नाव इरावती, आणि लेकीला लहानाची मोठी करणाऱ्या दाईचं नाव गोदूबाई. राणी कधीच देवाघरी गेलेली. माणसं म्हणायची ती एवढीच, बाकी राजवाडा म्हणजे नुसते खांब.

इरावतीला अंधाराची भीती. निजताना म्हणायची, "आबा, दिवा असू द्या." राजा म्हणायचा, "आहे बाळा." मग तिचा डोळा लागायचा.

एके दिवशी खेळता खेळता ती मांत्रिक धूम्रकेशाच्या बागेत शिरली आणि तिने शेवंतीची कच्ची कळी खुडली. मांत्रिक समोर उभा राहिला. म्हणाला, "न उमललेलं तोडलंस. आता तूच शेवंती हो. तुझ्यावर फूल उमलेल त्या दिवशी सुटशील. तीन थंड्यांत उमललं नाही, तर दगड होशील."

पोर उभी होती तिथे वीतभर रोप उभं राहिलं. तिला शोधत मागून आलेल्या राजाने हे सगळं पाहिलं. त्याने हातांनी माती उकरली, रोप कुंडीत लावलं आणि उराशी धरून घरी आणलं.

आता हिला कुणी न्यायला नको, म्हणून त्याने कुंडी आतल्या महालात ठेवली. वारा लागू नये म्हणून पडदे, नजर लागू नये म्हणून दारं बंद. दिवस मावळला की शेजारी समई लावायची, ती उजाडेपर्यंत. जेवताना तिचंही पान मांडायचा. दरबारात कोण काय बोललं ते तिला सांगायचा आणि उत्तरासाठी थोडं थांबायचा. मग स्वतःच "हं" म्हणायचा आणि उठायचा.

रोप वाढलं, पण कसं? दोरीसारखं बारीक, पिवळट, आणि सगळं अंग झरोक्याकडे झुकलेलं. पहिली थंडी आली तशी गेली. कळीचा पत्ता नाही.

गोदूबाई म्हणाली, "महाराज, लोणच्याची बरणी ठेवावी तशी पोर ठेवलीत. बरणीला कधी फूल आलंय?"

"मग काय करू?"

"सोनडोंगरावरच्या पक्ष्याला विचारा. तो जुन्या बोलीचा आहे, थोडं बोलतो, पण खोटं बोलत नाही."

राजा निघाला. वाटेत एक नदी उलटी वाहत होती, ती ओलांडली. एक रान चालत येत होतं, त्याला वाट दिली. डोंगरमाथ्यावर पांढरा पक्षी बसला होता.

"कशाला आलास?"

"लेकीवर फूल यायला हवं."

"एका बोलाला एक वस्तू. तुझं हसू दे."

राजाने ओठांवरून हसू काढून दिलं. पक्ष्याने ते पंखाखाली ठेवलं आणि म्हणाला, "तिला आभाळ दाखव."

राजा धावत घरी आला. वैशाख तापला होता. त्याने भर दुपारी कुंडी उचलली आणि थेट चौकात ठेवली. महालातल्या सावलीत वाढलेलं ते अंग. तिसऱ्या प्रहरापर्यंत पानं करपली, कडा कागदासारख्या वळल्या. राजाने पदराखाली लेकरू घ्यावं तशी कुंडी शेल्याखाली घेतली आणि आत पळाला. ते भाजलेलं अंग भरून येता येता दुसरी थंडीही सरली.

राजा पुन्हा डोंगरावर गेला. "तू सांगितलंस आभाळ, तिथे तर आग होती."

पक्षी म्हणाला, "तुझी सावली दे."

राजाने सावली पायांपासून सोडवून दिली. ती गेल्यावर त्याला कळलं, वाटेने आजवर तीच काय ती सोबत होती.

पक्षी म्हणाला, "ऊन घोटाघोटाने पाज."

या खेपेला राजाने घाई केली नाही. आधी कुंडी ओसरीवर ठेवली. मग लिंबाखाली, पानांतून गळून येईल तेवढ्या उन्हात. मग पूर्वेच्या अंगणात, सकाळचं कोवळं ऊन. मग हळूहळू दुपारपर्यंत. एकाच अंगाला झुकू नये म्हणून कुंडी रोज थोडी फिरवायची. संध्याकाळी दव पडायच्या आत उचलून महालात, समईजवळ. रोप बुटकं झालं, भरलं, पानं काळीभोर हिरवी झाली. राजा रोज पानं उलटून कळी शोधायचा. पाऊस संपला, आश्विन लागला. पानंच पानं. आणि बुडाजवळचं एक पान हाताला थंडगार लागलं. ते दगडाचं झालं होतं.

तिसऱ्यांदा राजा डोंगर चढला. पक्ष्याने या वेळी त्याची झोप मागितली. राजाने दिली. पक्षी म्हणाला, "दिवा वाढव," आणि उडून गेला.

राजाला वाटलं, हे तर आपल्या मनातलंच बोलला. पोर अंधाराला भिते, एका समईने तिचं काय होणार? घरी येऊन त्याने कुणाला काही सांगितलं नाही, नुसता हुकूम सोडला: दिवे आणा. महालात दिव्यांच्या रांगा लागल्या. झोप नव्हतीच, तो रात्रभर वाती सारत बसायचा. भिंतीवर सगळ्या खांबांच्या सावल्या पडायच्या, त्याची तेवढी नाही. दगडाची पानं मात्र एकामागून एक वर चढत निघाली.

गोदूबाई तेल घालता घालता कुरकुरली, "गावात फोडणीला तेल राहिलं नाही, महाराज. लोक उकडून खातात." एवढ्यात तिचा हात समईवर आपटला आणि काकणाचे तुकडे झाले. "घ्या. काकणही वाढलं."

राजाचा हात वातीवरच थांबला. "काय झालं म्हणालीस?"

"वाढलं म्हणाले. फुटलं म्हणू नये, अभद्र असतं."

"नारळ?"

"तोही वाढवतात."

"आणि दिवा, गोदूबाई?"

गोदूबाईने तेलाचं भांडं खाली ठेवलं. "दिवाही वाढवतातच. विझवला कुणी म्हणत नाही. तुम्हाला कुठून माहीत असणार? तुमचे दिवे लावायला नोकर, मालवायला नोकर."

राजा म्हणाला, "ती अंधाराला भिते गं."

"भिते तर तुम्ही जवळ बसा."

राजाने एकेक दिवा आपल्या हाताने वाढवला. शेवटच्या समईपाशी आला, तर कानात तेच शब्द, आबा, दिवा असू द्या. त्याने तीही वाढवली. काळोखात चाचपडत कुंडीचा काठ धरला आणि म्हणाला, "दिवा नाही बाळा. मी आहे."

मग तोच नेम. दिवसा अंगणातलं ऊन, आणि मावळल्यावर मिट्ट काळोख, फटीतूनही उजेड येऊ द्यायचा नाही. राजा कुंडी धरून बसायचा. थंडी वाढत गेली, रात्री लांबत गेल्या. दगड शेंड्याजवळ येऊन थांबला. आणि एका सकाळी शेंड्यावर मिरीएवढी कळी दिसली.

पौषातल्या उन्हात ती उमलली, पिवळीधमक. कुंडी तडकली, दगडाची पानं गळून पडली, आणि अंगणात इरावती उभी राहिली. केसांत माती, डोळे चोळत.

राजाने विचारलं, "फार भ्यालीस का गं अंधारात?"

"कधीची निजायला बघत होते, आबा. दिवा डोळ्यांवर येत होता."

कठड्यावर पांढरा पक्षी येऊन बसला होता. त्याने पंख झाडले. हसू राजाच्या ओठांवर पडलं, सावली पायांशी पडली, झोप डोळ्यांत उतरली. राजा हसला, आणि हसता हसताच जांभई देऊ लागला.

गावाचं तेल गावाला परत गेलं. इरावती पुढे राज्य करू लागली, आणि शेवंतीच्या वाफ्याजवळ रात्री दिवा न्यायचा नाही असा तिने दंडक घातला. पण ती सुटली त्या रात्री तिने आधी आबांचं अंथरूण घातलं. विचारलं, "दिवा असू दे का?"

"नको बाळा," राजा म्हणाला. "वाढव."

त्यांच्या अंगणी उमललं, तुमच्याही अंगणी उमलो.