राखेच्या रंगाचा अंगरखा

एका जंगलाच्या कडेला, जिथे झाडे विरळ होत जातात आणि माळ सुरू होतो, तिथे एक सशीण राहत असे. तिला आठ दिवसांचे एक पिल्लू होते. मुलांनो, काळजी सगळ्याच आया करतात. पण ही सशीण शिकलेली होती, त्यामुळे तिची काळजीसुद्धा मुद्देसूद असे. मुद्दा पहिला, घार. मुद्दा दुसरा, कोल्हा. मुद्दा तिसरा, पहिले दोन मुद्दे आपण नीट मोजले आहेत ना?

अशातच माळाला वणवा लागला. सशीण पिल्लाला तोंडात धरून ओढ्यापलीकडे पळाली, म्हणून दोघे वाचली. आग विझल्यावर परत येऊन पाहते तो गुडघाभर पिवळे गवत जळून गेलेले, आणि त्याबरोबर पिल्लाची लपायची जागाही गेलेली. पिल्लू गवताच्याच रंगाचे. आता ते काळ्या जमिनीवर असे उठून दिसे, की जणू कुणी ताटात वाढून ठेवले आहे. वर घार गिरक्या घेतच होती.

जवळच्या उंबरावर एक शिंपी पक्षी राहत असे. चोचीच्या सुईने पाने शिवण्यात त्या रानात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. सशीण पिल्लाला पोटाशी घेऊन झाडाखाली उभी राहिली.

"शिंपीदादा, याला लपवेल असा अंगरखा पाहिजे. सगळ्यात चांगला."

"सगळ्यात चांगला असा नसतो, ताई," शिंपी फांदीवरून म्हणाला. "आधी जागा सांगा, मग कापड बघू. हे बघा सागाचं पान. वाळलेलं, तपकिरी. सागाच्या बनात पाचोळ्यावर ठेवलंत तर मलासुद्धा सापडणार नाही. पण हे कापड बोलकं आहे. पिल्लाने कूस बदलली की पापड मोडल्यासारखं वाजतं."

"नको. हा झोपेत लाथा झाडतो."

"मग हा करंजाचा पाला घ्या. कोवळा, हिरवा. ओढ्याकाठच्या लव्हाळ्यात छान मिसळून जातो. दुपारनंतर कडा वळतात, म्हणून रोज नवा शिवावा लागेल, एवढंच."

"ओढ्यावर सगळेच पाणी प्यायला येतात," सशीण म्हणाली. "कोल्हासुद्धा."

"बरं. हे कोळ्याचं जाळं बघा, वजनाला सगळ्यात हलकं..."

"आणि दव पडलं की चमकेल."

शिंप्याने मान तिरकी करून तिच्याकडे पाहिले. "तुम्ही शिकलेल्या दिसता."

"तोच तर त्रास आहे," सशीण म्हणाली. "याला जळक्या माळावरच ठेवावं लागणार. दुसरीकडे जागाच उरली नाही."

"मग सावरीचा कापूस. मऊ, अजिबात न वाजणारा, आणि काजळी धरून ठेवतो."

"काळा करा. पूर्ण काळा."

"पूर्ण काळा केला तर तोच उठून दिसेल. जळकी जमीन नीट बघा ना. कुठे कोळसा, कुठे राखेचा पांढुरका पट्टा, कुठे अर्धवट जळलेली काडी. घार उंचावरून बघते, तिला फसवायला मोठी ठिगळं लागतात. कोल्हा जवळून बघतो, त्याच्यासाठी बारीक शिंतोडे. मी दोन्ही घालतो."

"आणि वाऱ्याने राख उडाली तर? नवं गवत उगवलं तर?"

"तर परत या. पिल्लू ठेवायची रीत तरी माहीत आहे ना?"

रीत सगळ्या सशांना माहीत असते. लहान पिल्लाच्या अंगाला वास येत नाही, आईच्या अंगाला येतो. म्हणून आईने पिल्लाला एका जागी ठेवायचे, लांब जाऊन बसायचे आणि एकदम सूर्य मावळताना दूध पाजायला यायचे.

"माहीत आहे," सशीण म्हणाली. माहीत असण्यात ती कधीच कमी पडत नसे.

तिने पिल्लाला अंगरखा घातला, एका जळक्या खुंटाशेजारी बसवले आणि ती दूर, आगीतून वाचलेल्या करवंदीच्या जाळीत जाऊन बसली. थोड्या वेळाने तिला वाटले, अंगरखा खांद्यावर नीट बसला आहे का एवढेच बघून यावे. बसला होता. परत आल्यावर वाटले, आपण घाईत पाहिले. म्हणून ती पुन्हा गेली. तेव्हाही सगळे ठीक होते. तिसऱ्यांदा गेली तेव्हा पिल्लू दिसेना.

खुंटाशी कोळसा होता, राख होती, काड्या होत्या, पिल्लू मात्र नव्हते. हा तोच खुंट ना? तसे वीस-पंचवीस खुंट त्या माळावर होते. शिंप्याने पिल्लू घारीपासून लपवले, कोल्ह्यापासून लपवले आणि तिच्यापासूनही लपवले. ती या खुंटाकडून त्या खुंटाकडे धावत सुटली. सगळ्या काळ्या माळावर आता हलणारे आणि दिसणारे असे एकच होते, आणि ते म्हणजे ती स्वतः. हा मुद्दा काही तिला सुचला नाही.

"वहिनी, काही पडलं का?"

दहा पावलांवर, एका दगडावर कोल्हा बसला होता. शेपूट पायांभोवती घेऊन, निवांत. तो कधीपासून बसला होता कोण जाणे.

सशीण जागच्या जागी थिजली. आणि त्याच क्षणी तिच्या मागच्या पायाला काहीतरी ऊबदार लागले. ते हळूहळू वरखाली होत होते. ते पिल्लू होते, तिच्या टाचेला टेकलेले.

"पिल्लू शोधताय वाटतं," कोल्हा म्हणाला. मोठी सशीण पळू लागली तर आपल्या हाती लागत नाही, हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याला घाई नव्हती. "दोघं मिळून शोधू. दोन डोळ्यांपेक्षा चार डोळे बरे."

तिला खाली बघता येईना. पळाली तर कोल्हा आधी इथेच हुंगायला येणार. थांबली तरी तो जवळ येणारच. इतके शिकलेले डोके, पण त्यात एकही मुद्दा येईना. डोके न लावता तिला एकच गोष्ट जमत असे, ती म्हणजे काळजी. मग तिने तीच केली.

"हो भावजी," ती म्हणाली. आवाज खरोखरच कापत होता, त्यासाठी तिला काही करावे लागले नाही. "इथे नाहीये. इथे तीनदा बघितलं. तिकडे मुरमाच्या टेकाडावर ठेवलं होतं बहुधा. माझ्या मेलीच्या काही लक्षातच राहत नाही."

ती टेकाडाकडे चालू लागली. मागे वळून न बघणे तिने आयुष्यात पहिल्यांदाच केले. मागून कोल्ह्याची पावले येत होती. खुंटाच्या जवळपास ती पावले थांबली. वाऱ्याने थोडी राख उडाली. कुठेच काही हलले नाही. मग पावले पुन्हा वाजू लागली, तिच्याच मागे.

टेकाडावर दगडांच्या खाली एक बीळ होते. सशीण त्याच्या तोंडाशी गेली, आत डोकावली आणि पुढे निघाली. दोन उड्या मारून परत आली, पुन्हा डोकावली. पुन्हा गेली, पुन्हा आली. यात तिला कसलेच सोंग करावे लागले नाही, तिचा रोजचा स्वभावच तो.

कोल्हा गालात हसला. "आई जिथे तीनदा जाते तिथेच पिल्लू असतं," असे म्हणून त्याने सशिणीला बाजूला सारले आणि बिळात पार डोळ्यांपर्यंत तोंड खुपसले.

आत साळिंदर झोपले होते. दिवसाउजेडी कुणी उठवलेले त्याला खपत नसे. आत काटे खुळखुळले. कोल्ह्याने तोंड बाहेर काढले तेव्हा त्याच्या नाकात चार लांब काटे रुतले होते. वहिनींचा निरोपही न घेता तो टेकाडाच्या पलीकडच्या बाजूने केकाटत उतरला.

"दिवसा तरी झोपू द्या रे," साळिंदर आतून म्हणाले.

सूर्य मावळला. सशीण जळक्या खुंटांपाशी परत आली. या खेपेला ती शोधत फिरली नाही, नुसती गप्प बसून राहिली. थोड्या वेळाने राखेचा एक गोळा हलला, तिच्या पोटाशी आला आणि दूध पिऊ लागला.

"आई," पिल्लू मध्येच तोंड काढून म्हणाले, "दुपारी तू माझ्या अंगावर पाय दिलास."

"दुखलं का?"

"थोडं. पण शिंपीमामांनी सांगितलं होतं, काही झालं तरी हलायचं नाही. तुला नव्हतं का सांगितलं?"

सशीण त्याच्या कानामागची काजळी चाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा करवंदीच्या जाळीत जाऊन बसली. सकाळी एकदा उठली आणि खाली बसली. दुपारी उठली, दोन पावले गेली, मग मागे फिरून कच्ची करवंदे मोजत बसली. मोजणी चार वेळा चुकली, तेवढ्यात सूर्य मावळला.

तात्पर्य : लपवलेल्या जागी पुन्हा पुन्हा जाणारा स्वतःच शत्रूला वाट दाखवतो, म्हणून काळजी पोटभर करावी, पण दूर बसून करावी.