बयजेचे धोंडे

फार फार वर्षांपूर्वी घाटाखालच्या खैरवणात सातेरीदेवीच्या देवळाभोवती राई होती, पण ती एवढीशी. दोन बायका गप्पा मारत शिरल्या तर गप्पा रंगायच्या आधी राई संपायची. बाकी सगळ्या डोंगरावर कुऱ्हाडी चालत. जखमी जनावर घरात आणायला तर सक्त मनाई होती. त्याच्या मागोमाग वाघ गोठ्यात येतो, अशी लोकांच्या पोटात भीती होती.

त्या गावात बयजा नावाची धनगरीण एकटी राहायची. तिला एकदा पाय मोडलेलं भेकर सापडलं. तिनं ते खांद्यावर घेतलं आणि थेट देऊळ गाठलं. गुरवाला म्हणाली, "देवीक कौल लाव. हेका बरा करू की नको, तीच सांगात."

गुरवानं देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली. मग जमलेल्या गावासमोर गुरवानं गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवीपुढे अटी बोलून दाखवल्या: जनावर बरं होईपर्यंतच ठेवायचं, त्याला नाव द्यायचं नाही, बरं झालं की रानात सोडायचं. बयजा म्हणाली, "आणि सोडीन थंय धोंडो ठेवीन. धोंड्याच्या अलीकडे कुऱ्हाड नको."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं. एका भेकरापायी असा किती डोंगर जाणार, असं त्यांना वाटलं. बिचारे!

बयजेच्या हाताला विलक्षण गुण होता. खवल्या मांजर आलं, गव्याचं वासरू आलं, पंख मोडलेला धनेश आला. प्रत्येकासाठी वेगळा कौल, आणि प्रत्येकाला सोडलं तिथे नवा धोंडा. राई ओढ्यापर्यंत पोचली. धोंड्याच्या अलीकडे कुणी घाव घातलाच तर कुऱ्हाड दांड्यातून निसटून पडायची, असं म्हणतात.

मग आई मेलेलं वाघाचं पिल्लू आलं. कौल उजवा झाला. पण इथे बयजा चुकली. मला विचाराल तर, तिच्या जागी कोण चुकलं नसतं? तिनं त्याचं नाव ठेवलं, सोन्या. पिल्लाचा वाघ झाला तरी त्याला सोडेना. गुरवानं विचारलं की म्हणायची, "अजून अशक्त आसा."

एका सकाळी हा अशक्त वाघ दुधाच्या वासानं गावकराच्या घरापुढच्या खळ्यात येऊन बसला. गावकर म्हणजे गावचा प्रमुख. आरडाओरडा झाला, माणसं भाले घेऊन धावली.

"कौल तू मोडलंस, बयजे," गावकर म्हणाला. "आता वाघ मारतलों. आणि तुझे धोंडेय रवचे नाय."

बयजेला कळून चुकलं: वाघ जाणार आणि राईही जाणार. तिला बघून वाघ उठला आणि तिच्या पायाला अंग घासू लागला.

बयजेनं वाकून धोंडा उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला.

"जा!" ती ओरडली. "माणसाक भिऊंक शीक! परत येव नको!"

वाघ मागे सरला, थांबला, वळून तिच्याकडे बघू लागला. तिनं दुसरा मारला. ती रडत होती आणि मारत होती. वाघ ओढा ओलांडून टेकडी चढला. थांबला की धोंडा. तो दिसेनासा झाला तरी तिचे धोंडे उडतच राहिले. ते डोंगरमाथ्यावरून पलीकडे गेले आणि शेवटचा थेट घाटाच्या कड्याशी पडला, असं म्हणतात. भाले धरलेली माणसं आ वासून बघत राहिली.

गुरवानं लगोलग देवळात जाऊन कौल लावला. राई आता कुठवर? शेवटच्या धोंड्यापर्यंत? उजवी पाकळी पडली.

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं. या वेळी कुणाच्यानं मोठ्यानं बोलवेना.

वाघ पुन्हा गावात आला नाही. बयजा रोज ओढ्यापर्यंत जायची आणि पलीकडे पाऊल न टाकता परत यायची. ती वारली त्या दिवशी डोंगरावरून अशी डरकाळी उठली, की देवीच्या अंगावरच्या सगळ्या पाकळ्या एकदम गळल्या. सगळ्या उजवीकडे, असं म्हणतात.

आज खैरवणात जखमी जनावर सापडलं की वनखात्याला कळवतात. परवाना येतो, डॉक्टर येतो. तो परवानाही आधी देवीपुढे ठेवून कौल घेतात. पोरांनी नाव ठेवलेलं चालत नाही. जनावर सोडताना त्याच्या मागे एक धोंडा भिरकावतात, त्याला लागणार नाही असा, आणि म्हणतात, "जा, परत येव नको." धोंडा पडेल तिथे शेंदूर लावतात, राई तेवढी पुढे सरकते.

तो धोंडा कुणीही टाकायचा नाही. ज्यानं जनावराला खाऊ घातलं, त्यानंच टाकायचा.